एक्केचाळीस दाते

डेन्व्हरहून भाच्याचा फोन. "मामा, जीपला पस्तीसचे टायर टाकले आणि गाडीतला जीवच गेला बघ!" रँग्लर रुबिकॉन, २०१५ची. लिफ्ट किट घालून उचललेली, दिसायला रणगाडा. पण कोलोरॅडोच्या डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर गिअरबॉक्स पाचव्यातून तिसऱ्यात पडतो, आणि ॲव्हरेज गॅलनला सतरा मैलांवरून पंधरावर आलं. त्याचा हिशेब नेमका उलटा होता: मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणजे इंजिन कमी फिरेल, म्हणजे पेट्रोल वाचेल.

पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत. गोची तिसऱ्यात आहे.

ॲक्सल चाकाला पीळ देतो आणि चाक त्याचं जमिनीवरच्या ढकलीत रूपांतर करतं. पीळ तेवढाच राहिला आणि त्रिज्या वाढली की ढकल कमी होते, शाळेतल्या तरफेसारखंच. मूळ टायर साधारण ३२ इंची होता, आता ३५ इंची. ढकल साडेआठ टक्क्यांनी घटली. त्याच्या गाडीचं ॲक्सल-गुणोत्तर ४.१० आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून येऊन ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ४.१ फेरे झाले की चाकाचा एक. आता ४.१० ला ३२ ने गुणा, ३५ ने भागा: ३.७५. याच रँग्लरला कमी पैशांत ३.७३ चा ॲक्सल मिळत होता! जादा पैसे मोजून घेतलेला ४.१० पठ्ठ्याने टायरच्या दुकानात सोडून दिला.

त्यात हे ३.६ लिटरचं इंजिन आपला पूर्ण टॉर्क, म्हणजे पीळ, देतं ४८०० आरपीएमला. हायवेवर ताशी ६५ मैलांना, टॉप गिअरमध्ये, ते २३०० च्या आसपास फिरायचं. आता २१०० वर आलं. वर तो बोगदा ३४०० मीटर उंचीवर, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के विरळ, आणि इंजिनाला टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नाही. बिचारं खालचा गिअर मागणारच.

उपाय सरळ आहे. ४.१० गुणिले ३५ भागिले ३२ म्हणजे ४.४८, तेवढ्याचा क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) बसवायचा. पण बाजारात ४.४८ नाही आणि साडेचारही नाही. मिळतात ४.५६, ४.८८, ५.१३. असले आडनिडे आकडे का? मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

४.१० म्हणजे क्राऊनला ४१ दाते, पिनियनला १०. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. ५.१३ म्हणजे ४१ आणि ८. ३.७३ सुद्धा ४१ आणि ११! समजा क्राऊनला ४० दाते ठेवले असते आणि पिनियनला १०, तर छान गोल ४.०० मिळालं असतं. पण मग पिनियनचा पहिला दाता क्राऊनच्या पहिल्या, अकराव्या, एकविसाव्या आणि एकतिसाव्या दात्यालाच भेटत राहिला असता, जन्मभर. त्याच्यावर बारीकशी खोच असली तर तेच चार दाते झिजणार. ४१ केले की प्रत्येक फेरीला जोडी एका दात्याने सरकते. पहिला दाता सगळ्या एक्केचाळीस दात्यांना भेटून येतो, आणि तीच जोडी पुन्हा जुळते ती ४१ आणि १० च्या लसाविनंतर, म्हणजे ४१० दाते उलटल्यावर. गाडी तोवर पंचवीसेक मीटर पुढे गेलेली असते. झीज सगळ्यांत वाटली जाते.

४१ ही मूळ संख्या असायलाच हवी असं नाही. ४.८८ मध्ये ३९ आणि ८ आहेत. ३९ मूळ नाही, पण दोघांचा मसावि १, तेवढं पुरतं. फोर्डच्या जुन्या नऊ इंची ॲक्सलमध्ये ३.५० साठी ३५ आणि १० दाते असत, मसावि ५. तो बसवताना खुणा करून ठरावीक दाता ठरावीक खाचेत घालावा लागे. सातवीत लसावि-मसाविचा कंटाळा केलेल्यांनी एकदा डिफरन्शियलचं, म्हणजे ही दातेरी जोडी जिथे बसते त्या पेटीचं, झाकण उघडून बघावं.

आणखी एक गंमत: पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, बाजूला सरकवलेला असतो. ही हायपॉइड रचना मोटारीत पॅकार्डने १९२६ मध्ये आणली. दाते एकमेकांवर लोळतात आणि घसरतातही, म्हणून साधं तेल चालत नाही; गंधकाची द्रव्यं घातलेलं लागतं. गिअर ऑइलचा तो कुबट वास त्याचाच. पिनियन किती आत बसवायचा ते शिम (पातळ चकत्या) घालून ठरवतात आणि दात्यांतली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. चुकलं तर ॲक्सल रडतो.

भाच्याला मी ४.८८ सुचवला. ४.५६ ने फक्त व्यासाची भरपाई होते. जड टायर फिरवण्याचं ओझं आणि कोलोरॅडोची उंची हिशेबात येत नाही. बदलायचे मात्र पुढचा-मागचा दोन्ही ॲक्सल, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतील. त्याच्या मित्राने ॲक्सिलरेटरला लावायची 'पॉवर वाढवणारी' डबी सुचवली होती. ती पेडलचा संदेश फुगवून सांगते, इंजिनात एक न्यूटन-मीटरही घालत नाही. गाडी घेताना टायरखाली चिरडलेल्या लिंबाइतकीच ती गुणकारी. (इकडच्या थारवाल्यांनी मोह आवरावा, कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मनाई केली आहे.)

राहिलं ॲव्हरेज. गाडी मैल मोजते ते चाकाचे फेरे मोजून, आणि तिच्या लेखी चाक अजून ३२ इंचीच आहे. मीटरवर १०० मैल दिसतात तेव्हा खरे १०९ झालेले असतात. भाच्याचे ते पंधरा म्हणजे खरे सोळा पूर्णांक चार. "मग दोन नाही, अर्धाच मैल गेला की!" तो म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "मामा, म्हणजे स्पीडोमीटरवर ६५ दिसत होतं तेव्हा मी ७१ ने जात होतो?"