बालमोरल आणि सँड्रिंगहॅम: आईची खासगी, मुलाची खासगी

८ सप्टेंबर २०२२. राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास आली. आमच्या परळच्या घरात टीव्हीवर डोंगर, झाडी आणि करड्या दगडाचं एक बुरुजांचं घर पुन्हा पुन्हा दाखवत होते. मावशी म्हणाली, “अगं, नाताळला ती सगळ्या गोतावळ्याला घेऊन जायची, ते हेच ना घर?” मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. उत्तर चुकलं होतं. राणी गेली ती बालमोरलला. नाताळाचं घर सँड्रिंगहॅम.

ही गल्लत पुष्कळांची होते. दोन्ही जागा ब्रिटिश राजघराण्याच्या, दोन्ही लंडनपासून लांब, गावाकडच्या, आणि आपण दोन्हींना सरसकट ‘राजवाडा’ म्हणतो. खरं तर तिथेच चुकतं. राजवाडा म्हणजे बकिंगहॅम, विंडसर. ते राजाचे नसतात, राजपदाचे असतात. गादीवर बसेल त्याने वापरायचे, विकायचा अधिकार नाही. बालमोरल आणि सँड्रिंगहॅम मात्र घराण्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जागा आहेत. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे. होळकरांच्या इंदुरात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी असे. दौलत राज्याची, खासगी घराण्याची. तर या दोन्ही जागा खासगीतल्या.

आता कुठली कोणाची, हे लक्षात ठेवायला मुंबईकराला लंडनला जावं लागत नाही. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत गेलं तरी पुरे. पूर्वी फोर्टात उभा असलेला काळा घोडा १९६५ मध्ये तिथे हलवला. चौकातून पुतळा गेला, नाव तेवढं राहिलं. त्या ब्राँझच्या घोड्यावर बसलेला स्वार म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्ड, पुढचा सातवा एडवर्ड. तोच राजघराण्यातला सँड्रिंगहॅमचा पहिला मालक. आणि बाग ज्या राणीच्या नावाची, ती व्हिक्टोरिया, त्याची आई. बालमोरल तिचं. बाग आईची, घोडा मुलाचा: एवढं ध्यानात ठेवलं की गोंधळ होत नाही.

आधी बालमोरल. स्कॉटलंडच्या ईशान्येला, डी नदीच्या काठी, लॉकनगर पर्वताच्या पायथ्याशी ही जागा आहे. व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४८ मध्ये तिचा भाडेपट्टा घेतला तो स्वतः जाऊन न बघताच. तिथली हवा कोरडी आणि चांगली असल्याचं डॉक्टरांच्या घरून कळलं होतं, तेवढ्यावर. जागा आवडली आणि १८५२ मध्ये अल्बर्टने सुमारे ३२,००० पौंडांना ती विकत घेतली. जुनं घर अपुरं पडत होतं, म्हणून शेजारीच नवं बांधायला काढलं. २८ सप्टेंबर १८५३ ला कोनशिला बसली, १८५६ मध्ये काम संपलं आणि मग जुनं घर पाडलं. दगड इस्टेटीतल्याच खाणीतला करडा ग्रॅनाइट. आराखडा अबर्डीनच्या विल्यम स्मिथचा, पण अल्बर्टने त्यात जातीने लक्ष घातलं होतं. मुंबईच्या गव्हर्नरांना महाबळेश्वर जसं हवेसाठी लागे, तसं या जोडप्याला बालमोरल. फरक एवढाच की महाबळेश्वरला उन्हाळ्यात उकाड्यापासून पळायचं, आणि इथे ऑगस्टपासून शरदापर्यंत राहायचं, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत.

अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये गेला. व्हिक्टोरियाने पुढच्या वर्षी बालमोरलच्या डोंगरावर त्याच्या आठवणीत दगडांचा एक पिरॅमिड रचून घेतला. तो अजून आहे. पुढे चाळीसेक वर्षं ती तिथे येत राहिली. आग्र्याचा मुन्शी अब्दुल करीम, ज्याच्याकडून ती हिंदुस्थानी शिकली, त्याच्यासाठीही तिने इथे एक घर बांधलं.

१८६२ या सालापाशी मी दर वेळी थांबते. त्याच वर्षी बालमोरलवर अल्बर्टचा पिरॅमिड उभा राहिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोकमध्ये, वीस वर्षांच्या एडवर्डसाठी सँड्रिंगहॅम घेतलं गेलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते आपली राणीची बाग लोकांना खुली झाली.

सँड्रिंगहॅमला २,२०,००० पौंड पडले, म्हणजे बालमोरलच्या जवळपास सातपट. मुलगा अज्ञान असताना डची ऑफ कॉर्नवॉल या युवराजाच्या जहागिरीचं उत्पन्न साठत गेलं होतं, त्यातून ते दिले. इथे डोंगर नाही. सपाट, वाऱ्याचा, समुद्राजवळचा मुलूख. जमीन सुमारे २०,००० एकर. बालमोरल त्याच्या दुपटीहूनही मोठं, सुमारे ५०,००० एकर, पण त्यातला बराच भाग डोंगर आणि माळ. सँड्रिंगहॅमची जमीन कसायची: शेतं, कुळं, पुढे सफरचंदाच्या बागा. घर १८७० मध्ये नव्याने बांधून झालं, लाल विटांचं. फोटो बघताना रंगाकडे पाहावं: लाल वीट दिसली तर सँड्रिंगहॅम, करडा दगड दिसला तर बालमोरल.

या घराचा मालक ८ नोव्हेंबर १८७५ ला मुंबईत उतरला. दुसऱ्याच दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस इथेच झाला. उतरला होता परळच्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये. प्रिन्सेस डॉकचा पाया त्याच दौऱ्यात त्याच्या हातून घातला गेला. परळकर म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. या दौऱ्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी काळ्या घोड्याचा पुतळा शहराला दिला, १८७९ मध्ये. सँड्रिंगहॅमलाही एका घोड्याचा पुतळा उभा आहे, पर्सिमन नावाच्या. १८९६ ची डर्बी ही घोड्यांची शर्यत त्याने एडवर्डला जिंकून दिली. त्याच १८९६ मध्ये इथे मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, आणि चापेकर बंधूंनी फोर्टातल्या व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. तिकडच्या घराचा इतिहास वाचताना त्याच वर्षी आपल्या गावात काय चाललं होतं ते शेजारी मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सँड्रिंगहॅमची सगळ्यात विलक्षण गोष्ट घड्याळांची. हिवाळ्यात तिथे दिवस लवकर मावळतो. शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून एडवर्डने इस्टेटीवरची घड्याळं अर्धा तास पुढे ठेवायला लावली. ‘सँड्रिंगहॅम टाइम’ म्हणत त्याला. मुंबईकराला हे चटकन कळेल. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली वेळ सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे, थेट १९५५ पर्यंत. मात्र आपली वेळ सूर्यावरून ठरलेली होती आणि शहरातले पुष्कळजण तिच्या मागे होते. तिकडची एका माणसाच्या हौसेची. मुलाने, म्हणजे पाचव्या जॉर्जने, बापाची ती पद्धत चालू ठेवली. २० जानेवारी १९३६ च्या रात्री तो सँड्रिंगहॅमलाच वारला आणि नवा राजा आठवा एडवर्ड याने त्याच रात्री घड्याळं मागे करायला सांगितली.

हा पाचवा जॉर्ज म्हणजे ज्याच्या आगमनाची खूण म्हणून गेटवे ऑफ इंडिया आहे, तोच. अपोलो बंदरावरची ती कमान बघून वाटेल, केवढ्या महालात राहत असेल. प्रत्यक्षात सँड्रिंगहॅमच्या आवारातल्या यॉर्क कॉटेज नावाच्या घरात त्याने संसार केला. राजा झाल्यावरही तिथेच राहिला, कारण मोठ्या घरात आई होती, राणी अलेक्झांड्रा. ती १९२५ मध्ये गेली, मग तो तिकडे गेला. १९३२ च्या नाताळात त्याने रेडिओवरून पहिलं भाषण केलं तेही सँड्रिंगहॅमहून. मावशीच्या डोक्यात नाताळ आणि भाषण एकत्र बसलेलं आहे, त्याचं मूळ हे.

या इस्टेटीवरची माणसंही विसरता येत नाहीत. माळी, शिकारखान्यावरचे, शेतावरचे नोकर मिळून सैन्याची एक तुकडी झाली होती, आणि इस्टेटीचा कारभारी फ्रँक बेक त्यांचा कॅप्टन होता. पहिल्या महायुद्धात १२ ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तुर्कांवर चालून गेलेल्यांतले कित्येक परतलेच नाहीत. बेकही नाही. एकाच वस्तीतल्या इतक्या घरांतले पुरुष एका दुपारी गेले.

खासगी म्हणजे काय, ते १९३६ च्या डिसेंबरात उघड झालं. आठव्या एडवर्डने गादी सोडली. दौलत आपोआप धाकट्या भावाकडे, सहाव्या जॉर्जकडे आली. पण बालमोरल आणि सँड्रिंगहॅम वारशाने एडवर्डची होती, ती त्याच्याकडेच राहिली. राजा झालेल्या भावाला दोन्ही जागा पैसे मोजून त्याच्याकडून विकत घ्याव्या लागल्या.

तो सहावा जॉर्ज ६ फेब्रुवारी १९५२ ला सँड्रिंगहॅममध्ये झोपेत गेला. त्याची मुलगी एलिझाबेथ पुढे बहुतेक हिवाळ्यांत तिथे जाई, शेवटच्या काही दशकांत बहुतेक नाताळही तिथेच करी, आणि सहसा वडिलांचा तो दिवस होईपर्यंत मुक्काम हलवत नसे. स्वतःच्या शेवटच्या उन्हाळ्यात मात्र ती बालमोरलला होती. ६ सप्टेंबरला नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांना तिने तिथेच बोलावून घेतलं, काठी टेकत उभं राहून हात मिळवला. दोन दिवसांनी ती बातमी आली. मावशीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सांगितलं, “काल चुकीचं सांगितलं गं. नाताळाचं घर ते नव्हे, ते दुसरं. काळ्या घोड्यावर बसलाय ना, त्याचं.”