भाकरी चालते, रस्सा नको

आखाडात कोल्हापुरातला रविवार मटणाशिवाय जात नाही. त्र्यंबोलीची यात्रा झाली की गल्लोगल्ली तांबड्या-पांढऱ्याचे टोप चढतात आणि पंगती उठल्यावर उरलेला रस्सा भातात कालवून दारातल्या कुत्र्यापुढं जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही तेच झालं. टोपाच्या बुडाचं सगळं वाटण खरवडून मोत्याला घातलं आणि त्यानं भांडं चाटूनपुसून लख्ख केलं. त्या दिवशी त्याला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो उठेना. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, डोळ्यांत पिवळी झाक, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “कावीळ झालीया, उतरवून आणा.” आम्ही त्याला उचलून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी हिरड्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, “कांदा किती खाल्लाय?”

आपल्याकडे असल्या वेळी दोष तिखटावर जातो. मिरचीनं कुत्र्याच्या पोटात आग होते, उलटी-जुलाब होतात, हे खरं; पण मिरची त्याच्या रक्ताला हात लावत नाही. रक्ताला हात लावतो तो कांदा आणि त्याचा भाऊबंद लसूण. म्हणून तिखट नसलेला पांढरा रस्साही कुत्र्याला सोसत नाही, कारण त्यात लसूण असतोच.

डॉक्टरांनी मोत्याच्या रक्ताच्या थेंबात निळा रंग मिसळला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला डोळा लावायला सांगितलं. फिकट, गोल पेशी दिसत होत्या आणि पुष्कळ पेशींच्या काठाला एकेक गर्द निळा ठिपका होता. घमेल्याच्या काठाला सिमेंटचा गोळा वाळून बसावा तसा. याला हाइन्झ बॉडी म्हणतात. रॉबर्ट हाइन्झ या जर्मन डॉक्टरनं 1890 मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. तो ठिपका तिथं कसा येतो, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सोडत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

अख्खा कांदा डोळ्यांना झोंबत नाही, चिरलेला झोंबतो. कांद्याच्या पेशीत गंधकाची संयुगं एका कप्प्यात असतात आणि त्यांना फोडणारं ॲलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. सुरी चालली की दोघांची गाठ पडते आणि नवी, चळवळी संयुगं तयार होतात. त्यातूनच पुढं डायसल्फाइड जातीचे पदार्थ बनतात. ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून तांबड्या पेशीत शिरतात. शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं हा धोका जात नाही. उलट वाळलेल्या कांद्यातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळं चमचाभर कांदा-लसूण चटणीत ओल्या कांद्याच्या कितीतरी पट ऐवज असतो.

आता पेशीच्या आत जाऊ. तांबडी पेशी हिमोग्लोबिननं ठासून भरलेली असते. या प्रथिनाच्या साखळीत काही ठिकाणी गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. तिला थायॉल गट म्हणू. कांद्यातल्या डायसल्फाइडसारखा ऑक्सिडीकरण करणारा पदार्थ आला की तो आधी या थायॉलवर झडप घालतो. सहज हाती लागतील असे थायॉल माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत 2, कुत्र्याच्या 4 आणि मांजराच्या 8 असतात. म्हणून मांजराला कांदा कुत्र्यापेक्षाही वाईट. शिवाय पेशीला स्वतःचं संरक्षण असतं. ग्लुटाथायॉन नावाचा छोटा रेणू ऑक्सिडीकरणाचा मार स्वतःवर घेतो, आणि ग्लुकोजपासून मिळणाऱ्या एनएडीपीएच या रेणूच्या जोरावर पुन्हा पूर्ववत होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे विकर माणसाच्या पेशीत भरपूर असतं, कुत्र्याच्या पेशीत बरंच कमी. मार जास्त आणि ढाल लहान, असा हा मामला आहे. अखेर ढाल संपते, थायॉल एकमेकांना चिकटतात आणि हिमोग्लोबिनची घडी विस्कटते. अंडं उकडलं की पांढरा बलक घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसंच इथं होतं. विस्कटलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या आवरणाला आतून चिकटतं. तोच तो निळा ठिपका.

पेशी लगेच मरत नाही. पण प्लीहेतल्या बारीक फटींतून तिला अंग चोरून, वाकून जावं लागतं, आणि गोळा चिकटलेली पेशी वाकत नाही. ती तिथं अडकते आणि भक्षक पेशी तिला खातात. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि सांडलेलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं. लघवी काळपट होते ती त्यामुळं. हिमोग्लोबिन मोडून बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य बनतं आणि डोळे पिवळे होतात. या सगळ्याला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर घरातले रविवारचं जेवण विसरलेले असतात. मावशींनी पाहिलेली कावीळ खोटी नव्हती, पण ती मंत्रानं उतरणारी नव्हती. उतरवणाऱ्याकडे एक दिवस घालवला असता तर मोत्या हातचा गेला असता, असं मला आजही वाटतं. लसणानं गोचिड जातात, जंत पडतात म्हणून रोज दोन पाकळ्या चारणारेही मला भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. गोचिडांवर चांगली औषधं मिळतात.

प्रमाण सांगायचं तर कुत्र्यानं एका वेळी स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा खाल्ला की रक्तात बिघाड दिसू लागतो. मोत्या 14 किलोचा, म्हणजे 70 ग्रॅम. एक मध्यम कांदा त्याहून जास्त भरतो. थोडं थोडं रोज दिलं तरी इजा साठत जाते. “आमचा टिप्या धा वर्सं रस्साच खातोय की,” असं सांगणारे असतात. टिप्याच्या हिरड्या त्यांनी कधी उलटून पाहिलेल्या नसतात.

मग द्यायचं काय? भाकरी द्या, निर्धास्त द्या. कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला धान्य पचतच नाही, हा प्रचार महागड्या पिशवीबंद खाण्याच्या जाहिरातींनी खूप पसरवला आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्याचे आणि लांडग्याचे जनुक ताडून पाहिले. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती निघाल्या, कुत्र्यांत 4 ते 30. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर हजारो वर्षं जगताना घडलेला हा बदल आहे. फरक एवढाच की हे विकर आपल्या लाळेतही असतं आणि कुत्र्याच्या मुख्यतः स्वादुपिंडात. भाकरी चावत राहिलो की आपल्याला गोड लागते, कुत्र्याला नाही. तो ती गिळतो आणि पुढचं काम आतड्यात होतं. मात्र नुसत्या भाकरीवर कुत्रा ठेवू नये, त्याला प्रथिनं लागतात. उकडलेलं अंडं, बिनहाडाची उकडलेली कोंबडी, उकडलेला तांबडा भोपळा, गाजर, रताळं, बी काढलेलं कलिंगड, पपई, वाटीभर साधं दही, बिनमिठाचं ताक, हे सगळं चालतं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध मात्र बेतानं द्यावं. मोठ्या कुत्र्यात दुग्धशर्करा पचवणारं विकर कमी झालेलं असतं, आणि इतकी साय स्वादुपिंडाला सोसत नाही. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेल्यावर तिथल्या कुत्र्यांना श्रद्धेनं पेढे चारतात. श्रद्धा राहू दे, पेढ्याऐवजी भाकरी न्या.

बेदाणे आणि द्राक्षं अजिबात नकोत. तासगावचा बेदाणा आपल्या प्रत्येक शिऱ्यात असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यातलं टार्टारिक आम्ल कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडतं, असं अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी 2021 मध्ये मांडलं. चिंचेतही तेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा आमटीही नको. चॉकलेट नको, बिनसाखरेच्या गोळ्यांतलं झायलिटॉल नको, आणि शिजलेलं हाड नको, ते फुटून सुरीसारखं धारदार होतं. चुकून कांदा खाल्ला तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, ते मीठच जीवावर बेततं. सरळ डॉक्टर गाठा. पहिल्या तास-दोन तासांत ते सुरक्षितपणे उलटी काढू शकतात.

मोत्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागलं. हिरड्या पुन्हा गुलाबी व्हायला तीन आठवडे गेले. आता आमच्याकडं आखाडात मटण आलं की कांदा चिरायच्या आधी मोत्यासाठी मटणाचे चार तुकडे बाजूला निघतात आणि लहान पातेल्यात नुसत्या पाण्यात शिजतात. मीठ नाही, वाटण नाही. आई त्यात अर्धी भाकरी कुस्करते, बोट घालून निवलंय का बघते आणि मग त्याला हाक मारते.