नाकाता की नाकामुरा?

जपानी फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो सेल्टिकचा फ्री-किकवाला नाकाता..." नाही हो, स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचा तो नाकामुरा! 'नाका' म्हणजे मधला. पुढे नाकाताच्या आडनावात शेत, नाकामुराच्या आडनावात गाव. वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर, दोघेही मिडफिल्डर, दोघेही युरोपात आधी इटलीत उतरले. त्यात भर म्हणून 2006च्या विश्वचषकातल्या जपानी संघात कोजी नाकाता नावाचा आणखी एक जण होता!

गंमत म्हणजे दोघांचे गाजलेले गोल एकाच गोलकीपरवर झालेत: एडविन व्हॅन डर सार. 6 मे 2001, तुरीन. नाकाताचा क्लब रोमा युव्हेंटसविरुद्ध 0-2ने मागे. रोमाचा प्रशिक्षक कापेल्लोने चक्क कर्णधार टोट्टीला बाहेर बोलावून हिदेतोशी नाकाताला उतरवलं. त्याने लांबून हाणलेला पहिला फटका थेट वरच्या कोपऱ्यात. दुसरा व्हॅन डर सारच्या हातून उसळला आणि रोमाच्याच मोंतेल्लाने तो आत लोटला. सामना 2-2, आणि त्या मोसमात रोमा इटलीचा विजेता.

पाच वर्षांनी हाच गोलकीपर मँचेस्टर युनायटेडकडे होता आणि समोर शुन्सुके नाकामुराचा डावा पाय. सप्टेंबर 2006मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एक फ्री-किक, नोव्हेंबरमध्ये ग्लासगोत दुसरी. दुसरीने सेल्टिकला 1-0 जिंकून दिलं आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत पहिल्यांदाच नेलं.

मग जास्त लोकप्रिय कोण? जगात विचाराल तर नाकाता. 1998मध्ये पेरुजिया या इटालियन क्लबसाठी पहिल्याच सामन्यात युव्हेंटसवर दोन गोल करून त्याने जपानी खेळाडूंसाठी इटलीचं दार सताड उघडलं. रंगवलेले केस, फॅशन, पत्रकारांशी फटकून वागणं. फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही तो ठाऊक होता. पेलेने 2004मध्ये निवडलेल्या थोर खेळाडूंच्या यादीत जपानचा तो एकटाच.

पण मैदानावर रोज जाणाऱ्यांचा जीव, मला वाटतं, नाकामुरावर जास्त. 2002चा विश्वचषक घरच्या अंगणात असताना प्रशिक्षक ट्रूसिएने त्याला वगळलं, तरी तो कुढत बसला नाही. जपानच्या जे-लीगचा सर्वोत्तम खेळाडू तो दोनदा ठरला, 2000 आणि 2013मध्ये. दुसऱ्यांदा वय होतं 35! हा मान दोनदा मिळवणारा दुसरा कुणी नाही.

2006च्या विश्वचषकात डॉर्टमुंडला ब्राझीलकडून 1-4 हरले तेव्हा दोघेही मैदानात होते. सामना संपल्यावर नाकाता कितीतरी वेळ गवतावर उताणा पडून राहिला. थोड्याच दिवसांत, 29व्या वर्षी, त्याने आपल्या संकेतस्थळावरून निवृत्ती जाहीर केली. पुढे तो साके या जपानी मद्याच्या व्यवसायात रमला. नाकामुराने बूट काढले 2022मध्ये, 44व्या वर्षी.