भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचा अर्ज कुठे अडतो

भटक्या मांजरांना पकडून, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करून पुन्हा मूळ जागी सोडण्याची योजना जिथे राबवली जाते, तिथे अर्ज परत येतो तो बहुधा जागामालकाच्या संमतीपत्रावाचून. मांजरांना रोज खाऊ घालणारी व्यक्ती आणि त्या आवाराची मालक व्यक्ती क्वचितच एक असते. बंद पडलेल्या गोदामाच्या बाबतीत तर सही कोणाची आणायची हेच कळत नाही, आणि कार्यालय मात्र ‘संमती नाही’ एवढा शेरा मारून मोकळे होते. पिंजरे जिथे लावायचे, तेवढ्याच जागेची संमती चालेल का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि देखभालीचे हमीपत्र सहसा लागतेच. पाळीव मांजरे बहुधा योजनेत बसत नाहीत. ‘मांजरे दुसरीकडे नेऊन सोडा’ असे अर्जात चुकूनही लिहू नये. जागा रिकामी झाली की तिथे नवी मांजरे येतात, म्हणून ही मागणी फेटाळली जाते.

मांजरांची संख्या अंदाजाने लिहू नये. काही दिवस खाण्याच्या वेळी थांबून प्रत्येकीचा रंग व खुणा टिपाव्यात, छायाचित्रे जोडावीत. एका कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर ती शस्त्रक्रिया आधीच झाल्याची खूण असते. तिची नोंद वेगळी करावी.

मंजुरीपत्रावरील तारीख अनेकजण चुकीची वाचतात. मांजरे दवाखान्यात पोहोचवण्याची तारीख असेल, तर पिंजरे साधारणपणे आदल्या दिवशीच लावावे लागतात, आणि त्याआधी परिसरात खाऊ घालणाऱ्या सर्वांना थांबायला सांगावे लागते, कारण पोट भरलेले मांजर पिंजऱ्यात शिरत नाही. ही तारीख हुकली की पुन्हा रांग. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि चार महिन्यांची मादीही गाभण राहू शकते. फाईल महिनाभर टेबलावर पडून राहते तेव्हा जवळजवळ अर्धा गर्भकाळ सरलेला असतो, हे कार्यालयांनी लक्षात घ्यायला हवे.

पकडलेल्या मांजरीची आचळे भरलेली दिसली, तर ती दूध पाजणारी आहे असे पिंजऱ्यावरील चिठ्ठीत ठळक लिहावे. तिची शस्त्रक्रिया आधी उरकून, भूल पूर्ण उतरताच तिला लवकर परत सोडण्याची विनंती करावी; पिल्ले उपाशी असतात.