गरीची मासेमारी : कोल्हापूरच्या डोंगरी तलावांवरील शरद हंगाम

गळ, दोरा आणि काठी एवढ्याच सामानावर एकेक मासा धरण्याची पद्धत. कोल्हापूर जिल्ह्यात तिला ‘गरी टाकणे’ म्हणतात. गरी म्हणजे मुळात आकडा, पण बोलताना दोऱ्या-काठीसकट सगळे सामानच त्यात येते. वर्षभर कुठे ना कुठे गरी पडत असली, तरी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील धरणांवर तिचा खरा हंगाम भाद्रपद उतरताना सुरू होतो आणि कार्तिकापर्यंत चालतो. ही तारीख पंचांगात सापडत नाही. ती पाण्याच्या रंगावरून ठरते. म्हणूनच सप्टेंबरच्या अखेरीस राधानगरी, भुदरगडकडून कोणी आला की हौशी माणूस पहिला प्रश्न विचारतो : “पाणी निवळलं काय?”

इथले डोंगरी तलाव म्हणजे धरणांचे फुगवटे. भोगावतीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. त्याच्या जलाशयाला लक्ष्मी तलाव म्हणतात आणि त्यात सुमारे ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. तलाव भरला की त्याचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, आणि ती बातमी कोल्हापुरात घरोघरी पोहोचते. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण याच्या तिप्पट, सुमारे २५.३९ टीएमसीचे आहे. तुळशी लहान, साडेतीन टीएमसीच्या आतले; पाटगावचे धरण वेदगंगेवर. या सगळ्यांच्या माथ्यावर घाटाचा पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस होतो, तर गगनबावड्यात तो ५,००० च्या पुढे जातो. एवढे पाणी जांभ्याच्या सड्यांवरून आणि तांबड्या मातीच्या उतारांवरून तलावात उतरते, तेव्हा जुलैतला तलाव ओल्या विटेच्या रंगाचा दिसतो. त्या काळात गरी टाकणे व्यर्थ असते. माशाला आमिष दिसत नाही, काठाला पाय ठरत नाही, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालेली असताना पाण्याजवळ जाण्याचे कोणाला कारणही नसते.

पाऊस ओसरला की गाळ खाली बसू लागतो. जाणकार हा बदल रंगाने सांगतात : आधी वीट, मग दुधाचा चहा, मग ताकाच्या निवळीसारखी हिरवट छटा. काठीचे टोक पाण्यात हातभर बुडवून ते दिसते का पाहणे, ही सगळ्यांत सोपी परीक्षा. टोक दिसू लागले की मरळ या शिकारी माशाचा मोसम आला. हे निवळणे सगळीकडे एकाच वेळी होत नाही. ओढ्याच्या तोंडाशी पाणी शेवटपर्यंत गढूळ राहते, तर वाऱ्यापासून आडोसा असलेले, गवत बुडालेले कोपरे आठ-दहा दिवस आधी साफ होतात. हस्ताचा एखादा जोराचा पाऊस आला की सगळे पुन्हा चार दिवस मागे जाते. धरण तेच आणि माणूस तोच, तरी एका रविवारी पिशवी भरते आणि पुढच्या रविवारी रिकामी येते, याचे कारण बहुतेक वेळा या रंगातच असते. नशिबाला दोष देणारे पाण्याकडे नीट पाहत नाहीत, असे नोंदकर्त्याचे मत आहे.

माशांच्या बाजूने पाहिले तर हा काळ भुकेचा असतो. पावसाच्या तोंडाला रोहू, मृगळ यांसारखे मासे वाहत्या पाण्याच्या विरुद्ध चढतात आणि अंडी टाकतात. लोक त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. विणीत अंगातली ताकद खर्ची पडलेली असते. आश्विनात काठचे बुडालेले गवत कुजू लागते, त्यावर किडे वाढतात, किड्यांवर बारीक मासे जमतात आणि बारक्यांच्या मागे मोठे येतात. दुपारी ऑक्टोबरचे ऊन चटके देते, त्यामुळे मासा काठाला येतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. धुके उतरलेल्या सकाळी, वारा पडलेला असताना, सूर्य डोंगराआडून वर येईपर्यंतचा दीड-दोन तासांचा वेळ सर्वांत मोलाचा.

या हंगामाचा मानाचा मासा मरळ. तिची मोठी जात फुलमरळ. अंग नळीसारखे, डोके सापासारखे चपटे, तोंड रुंद. मरळ कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला अधूनमधून वर यावेच लागते, आणि तिथेच ती सापडते. शांत पाण्यावर एक बुडबुडा, मग फुटभर रुंदीचे हळू विरणारे कडे दिसले की पाहणारा जागच्या जागी थांबतो. बेडूक, हल्ली बहुधा रबरी बेडूक, त्या कड्याच्या पलीकडे, गवताच्या कडेला टाकतात आणि थांबत थांबत ओढत आणतात. मरळ झडप घालते तेव्हा ओले फडके दगडावर आपटल्यासारखा आवाज होतो. नवखा त्या आवाजासरशी काठी उपसतो आणि बेडूक रिकामा परत येतो. जुना माणूस मनात एक-दोन म्हणतो, दोरा ताणला गेलेला हाताला कळू देतो आणि मगच झटका मारतो. त्या दोन आकड्यांचा धीर शिकायला लोकांना दोन-दोन हंगाम लागतात.

याच काळात तलावाच्या कडेला पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-केशरी पिल्लांचा झुबका फिरताना दिसतो. ती मरळीची पिल्ले असतात आणि त्यांच्या खाली पालक मरळ राखण करत असते. झुबक्यावर गरी टाकली तर ती पिल्ले वाचवण्यासाठी हमखास झडप घालते. अशी मरळ धरणे सोपे असते आणि चुकीचे. ती गेली की शेकडो पिल्ले चिलापी माशाच्या आणि पाणपक्ष्यांच्या तोंडी जातात. गरीवाल्यांत ज्यांना मान असतो ते झुबका दिसला की जागा सोडतात.

रोहू, कटला, मृगळ यांची तऱ्हा वेगळी. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे दोरा किती खोल सोडायचा हे माशावरून ठरते. आमिष म्हणून शेंगपेंड, भाताचा कोंडा आणि कणीक मळून लिंबाएवढा गोळा करतात. आदल्या संध्याकाळी त्याच जागी मूठभर पेंड टाकून ठेवणाऱ्याला सकाळी फरक दिसतो. वाम रात्री, दगडांच्या कपारीत, गांडुळाला लागते. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते आणि अंग बुळबुळीत, म्हणून ती ओल्या फडक्याने धरतात. चिलापी मात्र कुठल्याच नियमात बसत नाही. हा मूळचा आफ्रिकी मासा १९५२ साली भारतात आणला गेला, आणि आज पाझर तलावापासून मोठ्या धरणापर्यंत सगळीकडे आहे. शाळकरी पोरांची पहिली शिकार तीच असते.

सामान साधे. अजूनही कित्येक जण चिव्याच्या बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाची गोळी आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा यावर भागवतात. शहरातून मोटारसायकलीवर येणाऱ्यांकडे दुमडता रॉड, रील आणि चकाकत्या पत्र्याची फिरकी असते. रीलने दोरा लांब जातो, हे खरे. पण निवळत्या पाण्यात मासा काठापासून दहा-पंधरा हातांवरच असतो आणि पाऊल न वाजवता उभे राहणे रॉडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

याच ऋतूत उत्तर अमेरिकेतल्या डोंगरी तलावांवर बास या माशाची गरी रंगात येते. मोठ्या तोंडाचा हा मासा मरळीसारखाच दबा धरणारा शिकारी, पण त्याला मिळणारी खूण वेगळी. तिथे उन्हाळ्यात तलावाचे पाणी थरांत विभागलेले असते : वर ऊबदार, खाली गार. शरद जवळ आला की वरचा थर गार आणि जड होऊन खाली बसतो, थर मोडतात आणि सगळे पाणी ढवळून निघते. उंचीवरच्या तलावांत हे आधी घडते. बारीक मासे तलावाच्या फाट्यांकडे सरकतात आणि थंडीपूर्वी अंगात साठा करण्यासाठी बास त्यांच्या मागे जातो. म्हणजे तिथला गरीवाला पाणी किती गार झाले ते पाहतो, इथला किती निवळले ते. कोल्हापूरच्या पाण्यात बास नाही, आणि तो नसावाच. जपानमध्ये १९२५ साली हाकोने डोंगरातल्या आशी तलावात हौसेखातर बास सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला आणि स्थानिक माशांना इतका भारी पडला की २००५ साली लागू झालेल्या कायद्याने त्याची जिवंत वाहतूक आणि पाण्यात सोडणे बंद करावे लागले. चिलापीचा अनुभव घरचाच आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत जगात इतरत्र कुठेही न आढळणारे मासे राहतात, हे बाहेरचे बीज आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

अशा देशी माशांपैकी खडस, म्हणजे दख्खनचा महाशीर, आता क्वचित भेटतो. त्याला वाहते, खडकाळ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. मोठे खवले आणि सोनेरी झाक असलेला हा मासा लागलाच, तर ओल्या हाताने गळ काढून त्याला वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरावे आणि तो स्वतः सुटेपर्यंत थांबावे. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला असेल तर हे काम क्षणात होते.

परवानगीची बाब महत्त्वाची आहे. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांचे मत्स्यबीज, त्यांचा हक्क, म्हणून विचारूनच बसावे. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या पाण्याला लागून राधानगरी अभयारण्य आहे. सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे हे जंगल २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात मोडते. त्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून गरी टाकता येत नाही. तिथे तिन्हीसांजेला पाण्यावर गवे येतात, ते वेगळेच. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी आडबाजूच्या डोहांत ते अजून घडते. नोंदकर्त्याने पाटगावच्या वरच्या अंगाला एका ओढ्यात असा डोह पाहिला आहे : बोटभर लांबीची पिल्ले पोट वर करून तरंगत होती, मारणारे मोठे मासे उचलून निघून गेले होते, आणि खाली दगडांत खेकडेसुद्धा मेलेले. त्या ओढ्यात पुढची दोन वर्षे कोणाची गरी हलली नाही.

कार्तिक संपत आला की तलावावरचा हंगाम मोडतो. रात्री गारठा वाढतो, मरळ सुस्तावते, आणि उसासाठी धरणातून पाणी सुटू लागले की काठ रोज थोडा मागे सरकतो. बुडालेले गवत उघडे पडून वाळते. दरम्यान खाली नद्यांवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात. वाहती नदी अडून जागोजागी संथ डोह तयार होतात, त्यांत मासा थांबतो, आणि गरीवाले राधानगरीची वाट सोडून गावाजवळच्या बंधाऱ्यावर बसू लागतात. बरग्यांच्या फटीतून पाणी झिरपते तिथे, भिंतीच्या सावलीत, पेंडेचा गोळा सोडायचा.