सातवाली आजी आणि सतरा तास

आमची वहिनी नाशिकमधल्याच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. नाईट असली की रात्री आठ ते सकाळी आठ, आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंटची माहिती (ओव्हर) देऊन निघेपर्यंत साडेआठ वाजतातच. मागे एकदा सकाळी चहा घेताना म्हणाली, "सातवाली गेली रात्री." मी विचारलं कोण सातवाली, तर बराच वेळ आठवत बसली, आठ दिवस जिला हाताने पेज भरवली त्या आजीचं नाव काही आठवेना. मग एकदम रडायलाच लागली, आणि आजी गेली म्हणून नाही तर नाव आठवत नाही म्हणून.

याला बर्नआउट म्हणतात. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये तो मोजायची प्रश्नावली काढली, त्यात तीन गोष्टी बघतात. मन पार पिळून निघणं, आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं, आणि समोर पेशंटच्या जागी बेड नंबर दिसायला लागणं. हे तिसरं लोकांना उर्मटपणा वाटतो, "सिस्टर नीट बोलत नाहीत" वगैरे, पण बऱ्याचदा ते सोसवेना झालं की मनाने लावून घेतलेलं दार असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्टच केलं की बर्नआउट हा आजार नाही, कामावरचा सततचा ताण नीट न हाताळला गेल्याचा तो परिणाम आहे. म्हणजे दुरुस्ती कुठे करायची ते कळलं ना? आपल्याकडे मात्र 12 मे ला नर्सेस डे म्हणून एक गुलाब, एक योगाचं सेशन, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या पाळीची रिलिव्हर आली नाही म्हणून परत डबल ड्युटी.

आता झोपेचं गणित बघा. सलग 17 तास जागं राहिलं की मेंदूची चपळाई साधारण रक्तात 0.05 टक्के दारू असल्याइतकी उतरते, असं 1997 च्या एका प्रयोगात दिसलं होतं, 24 तासांना ती 0.10 च्या आसपास. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03. पहिल्या नाईटच्या दिवशी वहिनी पोरांच्या डब्यासाठी सकाळी सहाला उठलेली असते, दुपारी झोप कसली मिळतेय, म्हणजे रात्री अकराला 17 तास भरले आणि अजून नऊ तास इंजेक्शनं द्यायचीत. सकाळी ती मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून ॲक्टिव्हा काढते तेव्हा पोलिसांच्या मशीनमध्ये शून्यच येणार.

उपाय माहीत नाहीत असं नाही. पाळी बदलायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवावी, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्याला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. रिकाम्या जागा भराव्यात. मन मोकळं करायला टेली मानसचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. 2027 ला सिंहस्थात इथल्या वॉर्डांवर काय लोड येईल ते सांगायला नको, त्याआधी रोस्टरकडे बघायला पाहिजे.

वहिनीच्या वॉर्डात इनचार्ज सिस्टरनी स्वतःच मार्ग काढलाय. रात्री दोननंतर पाळीपाळीने वीस-वीस मिनिटं स्टोअररूममधल्या स्ट्रेचरवर आडवं व्हायचं. एवढ्या डुलकीनेही पहाटे डोकं बरंच ताळ्यावर राहतं. अर्थात ड्युटीवर झोपणं नियमात बसत नाही, म्हणून कुणी राउंडला आलं की मावशी दारावर दोनदा टकटक करते.