‘कौल’ आणि ‘कल’

निवडणुका आल्या की मथळ्यांत ‘कौल’ दोन अर्थांनी दिसतो. मतमोजणीनंतर ‘मतदारांनी कौल दिला’, आणि मतदानाआधी काही हजार जणांना विचारून केलेल्या पाहणीलाही ‘जनतेचा कौल’. पहिला वापर रास्त आहे, दुसरा मला खटकतो.

मूळ अरबी ‘क़ौल’ म्हणजे बोल, दिलेला शब्द. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या दफ्तरांत रुळला. ओसाड जमीन लागवडीला आणायची तर सरकार रयतेला कौल देई: पहिली काही वर्षं सारा कमी, मग सालोसाल चढता. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. कौल देणारा त्याने बांधला जाई. ‘कौलकरार’ हा जोडशब्द आजही तेच सांगतो.

कोकण-गोव्यातल्या देवळांत कौल देव देतो. गाऱ्हाणं घालून मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो की विहीर, पुढचं त्यावर ठरतं.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांपुढे प्रश्न होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासित प्रदेशाचं दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणाचा प्रश्न तिथेच मिटला. कायद्याच्या इंग्रजी नावात नुसतं ‘ओपिनियन पोल’ होतं. मराठीने त्याला ‘जनमत कौल’ म्हटलं, आणि मला तेच नाव जास्त खरं वाटतं, कारण लोकांनी तिथे मत सांगितलं नाही, निकाल दिला.

पाहणीचं तसं नसतं. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असा अंदाज छापला गेला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. जनमत पाहणी करणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. माणसं किती यापेक्षा ती कशी निवडली हे महत्त्वाचं ठरलं.

अशा पाहणीला ‘जनमत चाचणी’ हा शब्द मराठीत आहेच, मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तर ‘मतदानोत्तर चाचणी’. आणि तिच्यातून जे दिसतं त्याला ‘कल’ म्हणावं. मतमोजणीच्या सकाळी पहिल्या फेऱ्यांचे आकडे येतात, तेव्हा आपण ‘सुरुवातीचे कल’ असंच म्हणतो, कारण मोजणीच्या बऱ्याच फेऱ्या अजून व्हायच्या असतात.